‘मॅजिक मशरूम’ने दारू सुटते का?

प्रश्न : माझे धाकटे दीर रोज पितात आणि अलीकडे फार उदास असतात. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, पण पुन्हा सुरू झाले. ‘मॅजिक मशरूम’च्या एका डोसात दारू सुटते, असे परदेशातील नातेवाइकाने कळवले. पावसाळ्यात गगनबावड्याकडे अळंबी उगवतात, त्यांत ती शोधू, असे दीर म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, अळंबी शोधायला त्यांना मुळीच जाऊ देऊ नका. रानातील विषारी अळंबी ओळखण्यात चूक झाली, तर यकृत निकामी होऊन जीव जातो. शिवाय या मशरूममधील सायलोसायबिन हा नशा आणणारा घटक बाळगणे, हा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली (१९८५) गुन्हा आहे.

नातेवाइकांनी सांगितले ते अगदीच निराधार नाही, मात्र अर्धवट आहे. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सायलोसायबिन घेतलेल्या मद्यासक्त रुग्णांचे अतिमद्यपानाचे दिवस ३२ आठवड्यांतील एकूण दिवसांच्या ९.७ टक्के होते, तर तुलनेसाठी अॅलर्जीचे साधे औषध दिलेल्यांचे २३.६ टक्के. पण दोन्ही गटांना समुपदेशनाच्या १२ बैठका होत्या, औषध दोनदाच आणि तेही दिवसभर थेरपिस्टना शेजारी बसवून दिले होते. आपल्याला खरे औषध मिळाले की नाही, हे बहुतेकांनी अचूक ओळखले, त्यामुळे अपेक्षेचाही परिणाम असू शकतो आणि निष्कर्ष जपूनच वाचावा लागतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर यांसारखा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, कारण त्यांचा आजार उफाळू शकतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन देण्याची मुभा दिली, ती उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, दारूसाठी नव्हे.

दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा. ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि उदासीवरचे उपचार याच देशात, रीतसर मिळतात. व्यसन परतले म्हणजे उपचार वाया गेले असे नाही, हे त्यांना जरूर सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नका, लगेच रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि कुणी ‘आमटीत गुपचूप मिसळायची’ दारू सोडवणारी पूड सुचवली, तर ऐकू नका. तीत डायसल्फिराम (दारूशी जुळत नसलेले, दारू सोडवण्याचे औषध) असेल आणि दीर त्यावर प्यायले, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.