आर्थिक सुबत्ता आली की धर्मावरचं मतदान कमी होतं का?

आपोआप होत नाही. मतदार देशाची सुबत्ता बघत नाही, आपल्या घरात काय आलं ते बघतो. २००४ साली विकासदर ८ टक्क्यांच्या आसपास होता, 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती जिकडेतिकडे होत्या, तरी सत्तेतला भाजप लोकसभेत १८२ वरून १३८ जागांवर आला.

त्याच निवडणुकीत मी घरोघर जाऊन मतदार सर्वेक्षणाचे फॉर्म भरत होतो. एका मुस्लिम बाईंनी हंडा उंबऱ्यावर टेकवून उत्तरं दिली. मत कशावरून ठरवलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "नळावरून. पाइप टाकून गेले, पाणी अजून आलं नाही." मी तेच लिहिलं. संध्याकाळी आमच्या वरिष्ठांनी फॉर्म तपासताना नाव वाचलं, 'पाणी'वर काट मारली आणि 'धर्म'च्या रकान्यात खूण केली. म्हणाले, "ही वस्ती कशावर मत देते ते मला माहीत आहे." पलीकडच्या गल्लीतल्या हिंदू बाईंनीही पाणीच सांगितलं होतं. त्यांचा फॉर्म मात्र होता तसा पुढे गेला. मी वाद घातला, तर "तू नवीन आहेस" एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. धर्मावर मत दिलं हे पुष्कळदा मतदार सांगतच नाही, त्याचं नाव वाचणारा ठरवतो.

१९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांना सहा महिने झाले होते, आणि दिल्लीत लोक कांद्याच्या भावावर चिडले होते. विरोधातल्या काँग्रेसला विधानसभेच्या ७० पैकी ५२ जागा मिळाल्या. कांदा सगळ्याच धर्मांच्या स्वयंपाकघरात महागला होता.

एक मात्र मान्य करतो. जिथे जागाच धर्मानुसार वाटलेल्या असतात, तिथे पोटाचा प्रश्न मागे पडू शकतो. लेबनॉनच्या संसदेतल्या १२८ जागा ख्रिस्ती आणि मुस्लिमांत निम्म्या-निम्म्या आहेत. २०२२ च्या निवडणुकीआधी तिथल्या चलनाची ९० टक्क्यांहून जास्त किंमत गेली होती, तरी शियांच्या २७ च्या २७ जागा हिजबुल्ला आणि अमल या शिया पक्षांकडे आणि त्यांच्या मित्रांकडेच राहिल्या. दंगल ताजी असली तर आपल्याकडेही भीती भाकरीच्या पुढे जाते, हेही खरं.

पण 'अमुक समाजाने धर्मावर मत दिलं' असं कुठे वाचलंत, तर त्या समाजाला कुणी विचारलं होतं का ते आधी शोधा. आणि कधी स्वतः फॉर्म भरायची वेळ आली, तर खाडाखोड करणाऱ्याची सही तिथल्या तिथे घ्या. मी घेतली नव्हती.