वाचकांचे प्रश्न : भट्टीइतक्या तापमानावर चालणारा इंधनघट

सॉलिड ऑक्साइड इंधनघटांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. इंधन न जाळता, त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवून थेट वीज देणारे साधन म्हणजे इंधनघट; त्याचा मधला थर ऑक्साइडच्या घन सिरॅमिकचा असला की तो सॉलिड ऑक्साइड घट. आधी शब्दांविषयी थोडे. ॲनोड आणि कॅथोड यांना आपण शाळेपासून धनाग्र आणि ऋणाग्र म्हणत आलो. पण इंधनघटात ॲनोड हे ऋण टोक असते, त्यामुळे ते प्रतिशब्द येथे वाचकाची दिशाभूल करतात. म्हणून उत्तरांत ॲनोड (इंधनाच्या बाजूचा थर) आणि कॅथोड (हवेच्या बाजूचा थर) हेच शब्द ठेवले आहेत.

प्रश्न : पुण्यात २०२२ मध्ये केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या प्रयत्नांतून तयार झालेली हायड्रोजन बस दाखवण्यात आली. तिच्यातील इंधनघट शंभर अंशांच्या आतच चालतो असे वाचले. मग सॉलिड ऑक्साइड घटाला सातशे-आठशे अंश सेल्सिअस कशासाठी लागतात? एवढी उष्णता देऊन वीज मिळवणे हा उलटा व्यवहार नव्हे का?
— निवृत्त अभियंता, चिंचवड

उत्तर : दोन्ही घटांत फरक आहे तो आतून कोण प्रवास करते याचा. बसमधील घटात बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) ओलसर पापुद्र्यातून प्रोटॉन जातात, आणि पाणी द्रवरूपात राहावे म्हणून तापमान कमी ठेवावे लागते. सॉलिड ऑक्साइड घटात मधला थर सिरॅमिकचा असतो आणि त्यातून ऑक्सिजनचे आयन हवेच्या बाजूकडून इंधनाच्या बाजूकडे जातात. झिर्कोनियात (झिर्कोनियमच्या ऑक्साइडात) शंभर रेणूंमागे सुमारे आठ या प्रमाणात यिट्रिया (यिट्रियमचे ऑक्साइड) मिसळला की चार भारांच्या झिर्कोनियमच्या जागी तीन भारांचा यिट्रियम बसतो, आणि अशा दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. आयन या रिकाम्या जागांमधून उड्या मारत पुढे सरकतात. ही उडी सोपी नाही. तिला लागणारा जोर उष्णतेतूनच मिळतो, आणि खोलीच्या तापमानाला हाच पदार्थ जवळजवळ विद्युतरोधक असतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच मिश्रणाची कांडी वापरून विजेचा दिवा केला होता. तो दिवा लावण्याआधी कांडी बाहेरून तापवावी लागे. एकदा तापली की तिच्यातून प्रवाह वाहू लागे आणि ती स्वतःच्या उष्णतेने झगझगत राही. आपल्या शंकेचे उत्तर त्या कांडीतच आहे. घट सुरू करताना उष्णता द्यावी लागते. पुढे इंधनाच्या ऊर्जेचा जो भाग विजेत रूपांतरित होत नाही, तोच घटाला तापलेला ठेवतो. याच पदार्थाचा इंधनघट १९३७ मध्ये झुरिकला बाउर आणि प्राइस या संशोधकांनी हजार अंशांच्या आसपास चालवून दाखवला. तेव्हापासूनच्या संशोधनाचा मोठा भाग हे तापमान खाली आणण्यात गेला आहे, आणि त्यात सर्वाधिक लाभ झाला तो थर पातळ केल्याने. ७०० अंशांवर १५० मायक्रोमीटर जाडीच्या झिर्कोनियाचा रोध दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक ओहम भरतो, म्हणजे व्यवहारात निरुपयोगी. तोच थर १० मायक्रोमीटरचा केला की रोध पंधरा पटींनी घटतो. मात्र इतका पातळ थर स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही, म्हणून जाड ॲनोडच्या आधारावर त्याची भाजणी करतात.

सिरॅमिक जपून तापवायचे तर बराच वेळ जातो, त्यामुळे रोज चालू-बंद होणाऱ्या बसला हा घट सोयीचा नाही. एका जागी अखंड चालणाऱ्या संचाला तो शोभतो.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. निकेल-झिर्कोनिया ॲनोडवर यिट्रियायुक्त झिर्कोनियाचा १० मायक्रोमीटरचा थर आणि त्यावर लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-फेराइटचा कॅथोड थेट छापून मी बटणाएवढा घट तयार केला. ८०० अंशांवर, ओलसर हायड्रोजन देऊन, भार न जोडता व्होल्टेज ०.९३ आले आणि दुसऱ्यांदा तापवल्यावर ते ०.८७ झाले. शक्ती दर चौरस सेंटिमीटरला ०.२ वॅटच्या वर गेली नाही; प्रकाशित लेखांत तर एक वॅटच्या पुढचे आकडे दिसतात. घट बाहेर काढला तेव्हा ॲनोडच्या कडेला हिरवट छटा होती. कॅथोडचा पदार्थ बदलून पाहावा का?
— कोल्हापूर

उत्तर : इतक्यात बदलू नका. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे निरीक्षण तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे. निकेल ऑक्साइड हिरवे असते. भाजून काढलेली चकती हिरवी दिसते, आणि हायड्रोजनने तिचे क्षपण झाले, म्हणजे निकेल ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून गेला, की ती काळपट राखाडी होते. राखाडी झालेल्या चकतीच्या कडेला पुन्हा हिरवट रंग येतो याचा अर्थ, तापलेल्या निकेलला तेथे ऑक्सिजन मिळाला. तुम्ही सांगितलेल्या स्थितीत, दुसऱ्या बाजूला हवा असताना, सुमारे १.१ व्होल्ट यायला हवेत. तुमचे व्होल्टेज पहिल्यापासूनच कमी आहे आणि दुसऱ्या फेरीत आणखी उतरले, तेव्हा गळती आहे आणि ती वाढते आहे. झिर्कोनियाऐवजी सेरियाचा (सेरियमच्या ऑक्साइडाचा) थर असता तर गोष्ट वेगळी होती, कारण सेरियातून काही इलेक्ट्रॉनही निसटतात आणि गळती नसतानाही व्होल्टेज कमी दिसते. झिर्कोनियाला ती सबब नाही.

निकेलचे पुन्हा ऑक्साइड होताना त्याचे आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी वाढते, आणि वर बसलेल्या १० मायक्रोमीटरच्या थराला तो ताण सोसत नाही. एका बारीक फटीतून हवा शिरते, निकेल फुगते, थराला तडा जातो आणि त्यातून आणखी हवा शिरते. पुढचा घट लावण्याआधी, कॅथोड छापण्यापूर्वी, झिर्कोनियाच्या बाजूवर रंग मिसळलेल्या अल्कोहोलचा एक थेंब ठेवा आणि मागच्या बाजूला डाग उमटतो का ते भिंग घेऊन पाहा. थर निर्दोष निघाला तर दोष सीलचा, म्हणजे घटाच्या कडा हवाबंद करणाऱ्या जोडाचा, समजा. सिरॅमिक सिमेंट सुकताना आणि तापताना चिरते. काचेचे सील मऊ होऊन फटी बुजवते. तापवण्याचा वेग मिनिटाला दोन-तीन अंशांवर ठेवा, आणि घट थंड होताना इंधन पूर्ण बंद न करता, नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून तो खोलीच्या तापमानापर्यंत चालू ठेवा.

दुसरा दोष रचनेत आहे. तुम्ही कॅथोड थेट झिर्कोनियावर भाजला, आणि भाजणीच्या तापमानाला त्यातील स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाशी संयोग पावून स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट तयार होते. ते आयनांचे फार वाईट वाहक आहे. म्हणून या दोहोंमध्ये गॅडोलिनियमयुक्त सेरियाचा पातळ पण सघन थर घालतात. त्याखेरीज प्रसरणाचेही पाहावे लागते. झिर्कोनिया दर अंशाला दशलक्षांत सुमारे १०.५ भागांनी वाढतो, हा कॅथोड १५ च्या आसपास. दहा सेंटिमीटरच्या पट्टीत खोलीपासून ८०० अंशांपर्यंत हा फरक सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर होतो. बटणाएवढ्या घटात तो खपून जातो, मोठ्या आकाराच्या घटात कॅथोडचे पापुद्रे निघतात.

आता एक वॅटच्या आकड्यांविषयी. ते खोटे नसतात. पण छोट्या घटाला भरपूर हायड्रोजन देऊन, त्यातले बहुतेक वाया जाऊ देऊन, पहिल्या काही तासांत मोजलेले असतात. माझ्या मते या विषयातला खरा आकडा तासांचा आहे. दर हजार तासांना एक टक्का घसरण हे ऐकायला किरकोळ वाटते, पण पाच वर्षे अखंड चालवले तर सुमारे ४४ हजार तास होतात आणि शक्तीचा जवळजवळ ४४ टक्के भाग जातो. जर्मनीतील युलिश संशोधन केंद्रात दोन घटांचा एक छोटा संच ऑगस्ट २००७ मध्ये ७०० अंशांवर सुरू केला गेला, आणि तो २०१९ च्या जानेवारीत बंद करण्यात आला; एक लाख तासांहून अधिक काळ तो तापलेला होता. तसा संच सांभाळणाऱ्यांना क्रोमियमशी झगडावे लागते, कारण घटांना जोडणाऱ्या पोलादी पत्र्यावरच्या ऑक्साइडमधून क्रोमियमची वाफ निघते आणि ती कॅथोडवर बसून त्याची सक्रियता मारते. पत्र्याला मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा लेप देणे हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे. म्हणून तुमच्या प्रबंधात ०.४ वॅटचा घट ५०० तास स्थिर चालल्याचा आलेख आला, तर तो एक वॅटच्या एका बिंदूपेक्षा मी अधिक आदराने वाचेन.

प्रश्न : आमच्या गोठ्यावर बायोगॅस संयंत्र आहे. तो गॅस या घटाला चालेल का?
— दूध उत्पादक, सांगली जिल्हा

उत्तर : तत्त्वतः चालतो, आणि हे या घटाचे मोठेच बळ आहे. बसमधल्या घटाच्या प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड अगदी थोडा असला तरी बाधतो. येथे तो इंधन म्हणून खपतो, आणि मिथेनचे विघटन तापलेल्या निकेलवरच होते. पुरेशी वाफ मात्र द्यावी लागते, नाहीतर निकेलवर काजळी धरते. जपानमध्ये २०१२ पासून नैसर्गिक वायूवर चालणारे ७०० वॅटचे घरगुती संच विकले गेले, त्यांची वीजनिर्मितीची कार्यक्षमता ४६.५ टक्के सांगितली होती, आणि उरलेल्या उष्णतेवर पाणी तापवले जाते.

आपली अडचण गंधकाची आहे. शेणाच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड दशलक्षांत शेकड्यांनी, कधी हजारांनी असतो, आणि निकेलला एक भागही त्रासदायक ठरतो. लोहाच्या शोषकाने त्यातला बराचसा निघतो, उरलेल्यासाठी सक्रिय कोळशाचा दुसरा टप्पा लागतो, आणि दोन्ही वेळच्या वेळी बदलावे लागतात. आपला गॅस सध्या इंजिनावर जात असेल, तर तो तेथेच राहू द्यावा, आणि त्यातला गंधक वर्षभरात, चाऱ्याच्या बदलासह, किती वर-खाली होतो ते महिन्यातून एकदा मोजून नोंदवून ठेवावे. शोषकाची टाकी केवढी लागेल आणि तिच्यावर खर्च किती येईल, हे त्या नोंदीवरूनच सांगता येईल.