थर्मल बंद होणार म्हणतात, मग मुलीला इलेक्ट्रिकलला घालू का?

(ऊर्जानगर, चंद्रपूरहून एका वडिलांनी लिहिलंय: 'मी कोल हँडलिंग प्लांटमध्ये अठरा वर्षांपासून कंत्राटी कामगार आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली. तिला इलेक्ट्रिकल घ्यायचं आहे. लोक म्हणतात, कोळशाचे दिवस संपले, सोलरचा तीन महिन्यांचा कोर्स करू दे. त्याची फी पंचेचाळीस हजार आहे. भरू का?')

नमस्कार भाऊ,

फी भरू नका. मुलगी बरोबर सांगते आहे.

तुमचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, उद्या बंद होत नाही. २०१६ मध्ये २१० मेगावॉटचे पहिले दोन संच बंद झाले, पण त्याच सुमारास ५०० मेगावॉटचे दोन नवे सुरूही झाले, हे तुम्ही तिथेच राहून पाहिलंत. आजही क्षमता २९२० मेगावॉट आहे. मात्र भारतानं नेट झिरोसाठी (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषला जाईल, अशी स्थिती) २०७० साल धरलं आहे आणि तुमची लेक २०६५ च्या आसपास निवृत्त होईल. म्हणजे हा बहुतेक बदल तिच्या नोकरीच्या काळातच होणार. म्हणून तिनं शिकायचं ते विजेचं मूळ काम. वीज कोळशाची असो की उन्हाची, ट्रान्सफॉर्मर, रिले (बिघाड होताच वीज तोडणारं उपकरण), स्विचयार्ड (वीज बाहेर पाठवण्याचं आवार) लागतातच. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर गेलेली एचव्हीडीसी लाइन (उच्च दाबाची डीसी वीज वाहून नेणारी) आहे ना, तसल्या लाइनींची आणि बॅटरी साठवणुकीची कामं पुढे वाढणार आहेत.

सोलरबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. प्रकल्प उभा राहताना माणसं भरपूर लागतात. एकदा सुरू झाला की पॅनल धुणारे, पहारेकरी आणि मोजके तंत्रज्ञ उरतात. शिवाय तो प्रकल्प चंद्रपुरातच येईल असं नाही, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीसारख्या ठिकाणीही जावं लागेल. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर ती त्या पहिल्या गर्दीत राहील. डिग्री किंवा डिप्लोमा असेल तर मागे उरणाऱ्या तंत्रज्ञांत बसेल.

सीईटीच्या कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय वर ठेवा. घरून जाता येईल, खर्च वाचेल. नंबर नाही लागला तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याचा अर्जही आताच भरून ठेवा. सोलर तिला पुढे एखाद्या सुट्टीत शिकता येईल, आणि तेव्हा आधी आयटीआयमध्ये चौकशी करा.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःविषयी एकच ओळ लिहिलीत, आणि माझं मन तिथेच अडकलं. २०१५ च्या पॅरिस करारात कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा, म्हणजे या बदलात कामगार वाऱ्यावर सुटू नयेत याचा, उल्लेख आहे. पण संच बंद होतो तेव्हा कायम कर्मचाऱ्याची बदली होऊ शकते. कंत्राटी माणसाचं नाव कुठल्याच यादीत नसतं. हा अन्याय आहे, आणि त्याचं ओझं तुमच्या मुलीच्या शिक्षणावर पडता कामा नये. ठेकेदार बदलला की आधीच्या कामाचा पुरावा हरवतो. म्हणून या महिन्यातच पीएफचं पासबुक काढून अठरा वर्षं जुळतात का ते बघा, आणि आताच्या ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र लेखी घ्या. त्यात 'मजूर' नको. कन्व्हेयर बेल्ट, क्रशर, जे काम करता ते नावानिशी लिहून घ्या. बेल्ट सिमेंट कारखान्यातही चालतो आणि सिमेंट कारखाने तुमच्याच जिल्ह्यात आहेत.

सीईटीचे पर्सेंटाइल आणि जातीचा दाखला असल्यास तो प्रवर्ग मला कळवा. कॉलेजांचा क्रम आपण तिला समोर बसवून लावू.