नरसंहाराचं संग्रहालय आठवीतल्या मुलीला दाखवावं का?

तुम्ही विचारलंय की कंबोडियाच्या सहलीत तुओल स्लेंग हे नरसंहाराचं संग्रहालय आहे, मुलगी आठवीत आहे, तर तिला तिथे न्यावं की टाळावं, आणि भीतीखेरीज मुलांना तिथे काय मिळतं.

न्या. मात्र तिला काय दाखवायचं हे तुम्ही आधी ठरवून जा.

मी बडोद्याची. इथल्या एका मराठी शाळेत २६ वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी मुलांना कमाटीबागेतल्या संग्रहालयात न्यायचे. मुलं धावत ममीपाशी जायची, मग व्हेलच्या सांगाड्यापाशी. ममी म्हणजे कुणाचा तरी मृतदेह आहे हे त्यांच्या मनात यायचं नाही, माझ्याही नाही. मधे हजारो वर्षं गेलेली असतात ना. तुओल स्लेंगमध्ये तसं होत नाही, कारण ती मुळात शाळा आहे.

तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे चाफ्याची झाडं, मैदानात मुलांच्या कसरतीसाठी उभारलेला उंच लाकडी सांगाडा. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने १७ एप्रिल १९७५ला राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली, शहर रिकामं केलं आणि पुढे या शाळेचा एस-२१ नावाचा तुरुंग केला. कसरतीच्या त्याच सांगाड्याला कैद्यांना उलटं टांगायचे. वर्गावर्गांमधल्या भिंती फोडल्या आणि आत विटांच्या अरुंद कोठड्या बांधल्या. माझं मन आपोआप तिथे बाकांच्या रांगा लावत होतं. तिसऱ्या खोलीनंतर मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

जानेवारी १९७९मध्ये त्यांची सत्ता जाईपर्यंत देशातली १७ ते २० लाख माणसं गेली, म्हणजे जवळपास दर चौथा माणूस. कोणी मारली गेली, कोणी उपासमारीने आणि आजाराने. हा आकडा मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिला होता. मुलं तो वहीत उतरवून घेत आणि विसरत. संग्रहालयात मात्र कैद्यांचे फोटो आहेत. आत आणलेल्या माणसाचा फोटो काढायचा अशी तिथली पद्धत होती, म्हणून भिंतीच्या भिंती चेहऱ्यांनी भरल्या आहेत. अनेकांच्या छातीवर नंबर. त्यांत बायका आहेत, तुमच्या मुलीच्या वयाची मुलंही आहेत. एका चेहऱ्यापुढे दोन मिनिटं थांबलं की लाख, दोन लाख हे शब्द वेगळे ऐकू येतात.

पण एवढ्यावर थांबू नका. माझं आग्रहाचं सांगणं हेच आहे की मुलीला मारणारेही दाखवा. तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक एआव ऊर्फ डुच हा आधी गणिताचा शिक्षक होता. छळ करून लिहून घेतलेल्या कबुलीजबाबांवर तो लाल शाईने शेरे मारायचा. मी आयुष्यभर लाल पेनाने वह्या तपासल्या, म्हणून असेल, पण बेड्यांपेक्षा मला हे जास्त लागलं. पहारेकऱ्यांत तर कितीतरी जण कोवळी पोरं होती. परत आल्यावर मी दहावीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, फोटो काढणारा कोण होता?" मी म्हटलं, तुमच्याहून थोडाच मोठा मुलगा. त्यानंतर वर्गात जे बोलणं झालं, ते पुस्तकातल्या धड्याने कधी झालं नव्हतं.

हीच कागदपत्रं पुढे खटल्यात पुरावा ठरली. २०१०च्या निकालात न्यायालयाने एस-२१चे किमान १२,२७२ बळी धरले. डुचला आधी ३५ वर्षांची आणि २०१२मध्ये अपिलात जन्मठेपेची शिक्षा झाली.

संग्रहालयालाही स्वतःचा इतिहास असतो, हे मोठ्या मुलांना जरूर सांगावं. व्हिएतनामी सैन्याने ख्मेर रूजला हटवल्यावर नव्या राजवटीने हे उभारलं, तेव्हा जुन्या राजवटीचं क्रौर्य जगाला दाखवणं ही तिची राजकीय गरजही होती. इथे पूर्वी मानवी कवट्यांचा कंबोडियाचा नकाशा लावला होता. २००२मध्ये तो काढला. बरं केलं. कवट्या बघून अंगावर काटा येतो, पण त्यातली एकही कवटी आपलं नाव सांगत नाही.

आणखी एक. कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४मध्ये घडवलेल्या 'जेनोसाइड' म्हणजे नरसंहार या शब्दाला संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या करारात कायदेशीर व्याख्या मिळाली. त्यात राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक गट आहेत, राजकीय गट नाहीत. एस-२१मध्ये बहुतेकांना राजकीय शत्रू ठरवून मारलं, म्हणून डुच नरसंहारासाठी नाही, तर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि युद्धगुन्ह्यांसाठी दोषी ठरला. नरसंहाराबद्दल दोषी ठरले ते २०१८मध्ये दोन बडे नेते, तेही व्हिएतनामी लोकांच्या हत्यांसाठी, आणि त्यांतला एक चाम मुस्लिमांच्या हत्यांसाठीही. आठवीच्या मुलीला हे जड जाईल, पण तिने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असू द्या.

लोखंडी खाटांची इमारत तिला दाखवू नका, तिथे छळून मारलेल्या कैद्यांचे फोटो आहेत. फोटोंच्या दालनात जा, अर्धा तास पुरे. मग बाहेर चाफ्याखालच्या बाकावर बसा आणि तिला आधी बोलू द्या. त्याच दिवशी संध्याकाळी बाजारहाट ठेवू नका.