तळ्याकाठच्या बारा रात्री आणि बारा वर्षांचं कर्ज

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा त्या पायरीसाठी. पहाटे पाण्यावर धुकं असताना तुमची लेक पांघरुणात गुरफटून मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, लोखंडी पायरीवर बसली होती, पाय गारठले तरी आत यायला तयार नव्हती, असं तुम्ही लिहिलंत. हा हिशेब तिच्यासाठीच करायचा आहे, म्हणून तो नीट करू.

आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. गेली तीन वर्षं तुम्ही भाड्याचं मोटरहोम घेऊन डोंगरातल्या त्याच तळ्यावर जाता. मोठ्या सुट्टीत आठ रात्री आणि नंतर एकदा चार, म्हणजे वर्षाला बारा. आता पाच वर्षं जुनं मोटरहोम विकत मिळतंय. किमतीचा पाचवा हिस्सा मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांतून आणि अडीअडचणीच्या निधीतून द्यायचा आणि उरलेल्या रकमेचं ९ टक्क्यांनी बारा वर्षांचं कर्ज काढायचं, असा विचार आहे. भाड्याचे पैसे गेले की गेले, गाडी मात्र आपली राहते, हे तुमचं म्हणणं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते: हे मोटरहोम घेऊ नका. सहली मात्र एकही कमी करू नका.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून, सगळा आकार धरून भाड्याच्या एका रात्रीला जेवढा खर्च येतो, त्याच्या २४० पट या गाडीची किंमत आहे. म्हणून मी सगळा हिशेब ‘रात्रीं’मध्येच करते. घरात बोलतानाही हेच माप वापरा, मोठ्या रकमांनी डोळे दिपत नाहीत. गाडी २४० रात्रींची. त्यातल्या ४८ रात्री तुम्ही रोख देणार आणि १९२ रात्रींचं कर्ज घेणार. हप्ता वर्षाला २६ रात्रींहून थोडा जास्त बसतो. म्हणजे नुसत्या हप्त्याच्या पैशांत तुम्ही आज जाता त्याच्या दुपटीहून जास्त वेळा तळ्यावर जाऊ शकता.

हप्त्यातलं मुद्दल तर आपल्याच गाडीत जातं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. म्हणून हप्ता बाजूला ठेवून खरा खर्च काढू. आठ वर्षांनी ही गाडी विकलीत आणि निम्मी किंमत आली असं धरू. तेरा वर्षांच्या गाडीला एवढी किंमत येणं म्हणजे तुम्ही ती चांगली सांभाळली असं समजायचं. मग घसारा, म्हणजे किमतीतली घट, वर्षाला १५ रात्री. आठ वर्षांतलं व्याज सरासरीने वर्षाला १३. विमा आणि नोंदणी ४, गाडी उभी करायची जागा ५, आणि टायर, बॅटरी, छपराचं सीलंट, पाण्याचे पंप, ब्रेक धरून देखभाल ७. तुम्ही भरलेली ४८ रात्रींची रक्कम बँकेत असती तर तिने जे कमावलं असतं, त्याच्या २. बेरीज ४६. विमा, जागा आणि देखभालीचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तिथे तुम्हाला मिळालेले दर घाला. पण अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी १२ रात्री झोपण्यासाठी ४६ रात्रींचा खर्च, हे चित्र फारसं बदलत नाही. इंधन आणि तळ्याकाठी मुक्कामाच्या जागेचं भाडं मी धरलेलं नाही, कारण ते दोन्हीकडे सारखंच आहे.

कर्ज न काढता रोख घेतली तर? व्याज वाचेल, पण २४० रात्रींची सगळी रक्कम कमाई सोडून अंगणात उभी राहील. एकूण खर्चात जेमतेम पाच रात्रींचा फरक पडतो.

आता वर्षं मोजण्याऐवजी मुलांसोबतच्या रात्री मोजू. या पत्राचा खरा गाभा माझ्या मते इथे आहे. लेक सोळा वर्षांची होईल तेव्हा तिला मैत्रिणी असतील, परीक्षा असतील, स्वतःचे बेत असतील. तरी ती आनंदाने येवो, पण त्या भरवशावर कर्ज काढू नये. धाकट्यालाही सोळापर्यंत धरलं तर अजून नऊ वर्षं, म्हणजे १०८ रात्री. या सगळ्या रात्री आजच्या दराने भाड्याने घेतल्या तर १०८ रात्रींचा खर्च होतो. तुमच्या कर्जाचं बारा वर्षांचं नुसतं व्याज १२२ रात्रींचं आहे. मुलं मोठी होईपर्यंतच्या सगळ्या सहलींपेक्षा व्याजच जास्त. भाडं दरवर्षी वाढेल हे खरं, पण विमा, जागा आणि मेकॅनिकचे दरही वाढतील.

आणि शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा लेक तेवीस वर्षांची असेल. पाच वर्षांनी, तिचं येणं कमी होऊ लागेल त्या सुमाराला, १९२ पैकी १३६ रात्रींचं देणं शिल्लक असेल. तेव्हा गाडी दहा वर्षांची झालेली असेल. ती घाईत विकायला काढली तर कर्ज फेडून हातात फारसं काही उरणार नाही.

ओळखीच्या एकाने वापरलेली गाडी घेतल्यापेक्षा जास्त किमतीला विकली, असं तुम्ही लिहिलंय. ते खरं असेल. महामारीच्या काळात लोकांना हॉटेल नको होतं, विमान नको होतं, आणि सगळे या गाड्यांकडे वळले. एकट्या अमेरिकेचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये तिथल्या कारखान्यांतून, मोटरहोम आणि ओढायचे ट्रेलर धरून, अशी सहा लाख वाहनं बाहेर पडली, तो विक्रम होता. २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख १३ हजारांच्या आसपास आला. अशा लाटेत विकलेल्या एका गाडीचा भाव आपल्या गाडीला लावू नका.

‘आम्ही वापरत नसू तेव्हा भाड्याने देऊ’ या आशेवर तुमचा निम्मा बेत उभा आहे, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. डोंगरातल्या तळ्याचा हंगाम लहान असतो. बर्फ वितळून रस्ते उघडल्यापासून पहिल्या कडक थंडीपर्यंत जे काही आठवडे मिळतात, त्यातही शाळेच्या सुट्टीतले आठवडे सगळ्यांनाच हवे असतात. गाडीला गिऱ्हाईक असेल त्याच दिवशी ती तुम्हालाही हवी असेल. शिवाय कर्जाच्या करारात आणि विम्याच्या पॉलिसीत गाडी भाड्याने द्यायला अनेकदा मनाई असते. तसं कलम असेल आणि भाड्यावर असताना अपघात झाला, तर भरपाई मिळणं कठीण. दोन्ही कागद नीट वाचा. प्रत्येक भाड्यानंतर गाडी धुणं, मैल्याची टाकी रिकामी करणं, मोडलेला चाप बदलणं ही कामंही आलीच, आणि ती तुमच्याच शनिवार-रविवारी करावी लागतील.

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका कुटुंबाने असंच मोटरहोम घेतलं होतं. पहिल्या हिवाळ्याआधी नळ्यांतलं पाणी पूर्ण काढायचं राहून गेलं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पंप फुटला, सिंकखालचा जोड तडकला, आणि हे कळलं वसंतात, टाकी भरून नळ सोडला तेव्हा. सगळी जमीन ओली. त्या वर्षीची पहिली सहल दुरुस्तीत गेली. त्यांच्या हातून फार मोठी चूक झाली असं मी म्हणणार नाही. अशा गाडीत चाकांवरचं एक अख्खं घर असतं, आणि घराची सगळी दुखणी तिला असतात, तीही रस्त्यावरच्या हादऱ्यांसकट.

आता पैसे कुठून येणार याकडे. शिक्षणाचे पैसे आणि अडीअडचणीचा निधी, दोन्हींना हात लावू नका. इथे मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. गाडी आली की अचानक खर्च निघण्याची शक्यता वाढते, आणि नेमका तोच निधी तुम्ही गाडीत घालणार आहात. मुलगी सात वर्षांत अठराची होईल. एवढ्या थोड्या वेळात ते पैसे पुन्हा उभे करायचे आणि वर हप्ताही भरायचा, हे तुमच्या पगाराच्या आकड्यात बसत नाही. मी दोनदा मांडून पाहिलं.

मग काय करायचं? वर्षाला १८ रात्रींचे पैसे बाजूला काढा. हप्त्याच्या २६ पेक्षा हे कितीतरी हलकं आहे. बारा रात्रींच्या जागी पंधरा रात्री जा, आणि उरलेल्या तीन रात्रींचे पैसे वेगळ्या खात्यात साठू द्या. आरक्षण हंगामाच्या कितीतरी आधी करा, जमेल तिथे आठवड्याच्या मधले दिवस घ्या. भाड्याचा करार वाचताना किलोमीटरची मर्यादा, जनरेटरच्या तासांचा आकार आणि अपघात झाल्यास स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, या तीन ओळींवर बोट ठेवून वाचा. तुमच्या मागच्या पावतीत किलोमीटरचा जादा आकार बराच दिसतो. तळ्याच्या जवळच्या गावातून गाडी घेतलीत आणि तिथपर्यंत घरच्या गाडीने गेलात, तर तो बहुतेक वाचेल.

आपली म्हणावी अशी गाडी हवीच असेल, आणि ही हौस मला समजते, तर दोन-तीन वर्षांनी लहान ओढायचा ट्रेलर बघा. त्याला स्वतःचं इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, त्यामुळे मोडण्यासारखं बरंच कमी. तुमच्या भागात जुना ट्रेलर साधारण ६० रात्रींच्या किमतीत मिळतो असं तुमच्याच पत्रात आहे. तो रोखीने घेतला तर माझ्या अंदाजाने वर्षाचा सगळा खर्च १५-१६ रात्रींच्या आसपास राहील. वर्षाला पंधरा-सोळा रात्री जाणाऱ्या कुटुंबाला हे परवडतं.

मात्र ट्रेलर घेण्याआधी घरची गाडी किती वजन ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत पाहा, आणि त्या आकड्याच्या काठावर जाऊ नका. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर येतो, आणि तो गाडीतल्या चार माणसांच्या आणि सामानाच्या वजनात मिळवायचा असतो. शिवाय तुमचं तळं साधारण २,५०० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ पाव ताकद गेलेली असते. चढताना गाडी नुसती रडेल. उतरताना ट्रेलर मागून ढकलेल आणि ब्रेक तापतील, म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत आणि उतारावर खालचा गिअर.

आणि हे सगळं वाचूनही तुम्ही ते मोटरहोम पाहायला गेलातच, तर पावसानंतरच्या दिवशी जा. छपराच्या कोपऱ्यांखाली आणि खिडकीच्या चौकटीशी भिंतीवर अंगठा दाबून पाहा. भिंत जरा जरी आत गेली, मऊ लागली, तर आत पाणी मुरलंय. तिथून परत फिरा, किंमत कितीही कमी केली तरी. टायरच्या कडेला चार अंकांचा शिक्का असतो. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी जुन्या टायरचं रबर आतून कडक होत जातं, आणि वर्षभर एका जागी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. मुलांच्या जागांना नीट पट्टे आहेत का, त्या पुढे तोंड करून आहेत का, हेही बघा. पुष्कळ जुन्या मोटरहोममध्ये जेवणाच्या टेबलाजवळची बाकं चालत्या गाडीत बसण्यासाठी बनवलेलीच नसतात.

तुमच्या पत्राची शेवटची ओळ धाकट्याबद्दल आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा वरचा बिछाना आपला, असं तो आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटलाय, आणि आता त्याला नाही कसं म्हणायचं, असं तुम्ही विचारलंत. त्याला नाही म्हणू नका. पुढच्या सहलीसाठी तसाच वरचा बिछाना असलेली गाडी आजच राखून ठेवा. आरक्षण करताना त्याला शेजारी बसवा आणि तारखेवर बोट त्यालाच ठेवू द्या. लेकीची ती पायरीही भाड्याच्याच गाडीची होती.