पटकन गणितं संपवणाऱ्या मुलीला काय द्यायचं?

ताई, तुमच्या चौथीतली ती मुलगी सगळ्यांच्या आधी गणितं सोडवते आणि मग दंगा करते म्हणालात. तिला आणखी दहा गणितं देऊ नका. मुलांना ती शिक्षाच वाटते, मग ती मुद्दाम रेंगाळायला लागतात. रोज इतरांच्या वह्या तपासायलाही बसवू नका; तीही शाळेत शिकायलाच आली आहे.

त्यापेक्षा देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं कोडं द्या. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच; उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावायचं. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ६१७४च येत राहते! फार तर ७ पायऱ्या लागतात. शेवटची संख्या आधी सांगून टाकू नका हं. तिला ती सापडली की विचारा, तीन अंकी संख्येचं काय होतं?

आणि हुशार मूल म्हणजे नीटनेटकी वही, असं धरून चालू नका. अक्षर गचाळ पण प्रश्न भन्नाट, अशी मुलं सहज नजरेतून सुटतात. घरी वेगळी बोली बोलणारी तर हमखास.

शिष्यवृत्ती, नवोदयची तयारी जरूर करून घ्या, पण सगळा वेळ सराव प्रश्नपत्रिकांत घालवू नका. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून अशा मुलांसाठी काम करते आहे, तिथल्या लोकांशी एकदा बोलाच. तिच्या आईवडिलांनाही लवकर बोलावून घ्या.