ज्वालामुखी बेटांचा भूकंप डेटा बघायला सुरुवात करताय? आधी हे वाचा

छान विषय धरलाय, पण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर आणि गणिताच्या मागे लागू नका, ते नंतर येतंच.

आधी नुसते सिस्मोग्राम (जमिनीच्या हालचालीचे आलेख) बघा, रोज, डोळ्याला सवय होईपर्यंत. खडक तुटून झालेला भूकंप टोकदार सुरू होतो, पी (आधी पोचणारी) आणि एस (नंतर पोचणारी) या लहरी वेगळ्या दिसतात. लाँग पीरियडवाला, म्हणजे आत मॅग्मा-वायू हलल्याने होणारा संथ कंपनांचा भूकंप, मऊ सुरू होतो आणि घंटेसारखा घुमत राहतो, आणि ट्रेमर म्हणजे तर सलग गुरगुर. हे तीन ओळखता आले की निम्मं काम झालं समजा.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- समुद्राच्या लाटांचा आवाज ट्रेमर समजणं. बेटावर तो कायम असतो, आधी फिल्टर लावून फक्त १ हर्ट्झच्या (सेकंदाला एका कंपनाच्या) वरचं ठेवून बघा (मी पण फसलोय, वादळ होतं नुसतं!)
- खोलीचा आकडा डोळे झाकून मानणं. भूकंप मोजणारी स्टेशनं बहुतेकदा सगळी बेटावरच, समुद्रात एकही नाही, मग किनाऱ्यापासून लांबच्या भूकंपाची खोली कच्चीच निघणार.
- भूकंप वाढले म्हणजे उद्रेक होणारच असं मानणं. ला पाल्मावर (स्पेनचं कॅनरी बेट) २०२१ मध्ये ११ सप्टेंबरला सुरू झाले आणि १९ ला लाव्हा बाहेर, पण साओ जॉर्जला (पोर्तुगालचं अझोर्स बेट) २०२२ मध्ये हजारो झाले आणि उद्रेक काही झाला नाही.

आणि मोठा भूकंप नाही म्हणजे धोका नाही असंही नाही हं, २०१८ ला इंडोनेशियातल्या अनाक क्राकाटोआ ज्वालामुखीची बाजू समुद्रात कोसळून त्सुनामी आली, आधी इशारा देण्याजोगा मोठा भूकंप झालाच नव्हता.

एकच बेट निवडा, महिनाभर तेच बघा. अडलं की सिस्मोग्राम टाका इथे, बघू.